कोरियातली सान-नाकजी: कच्चा ऑक्टोपस खायचाच असेल तर कसा खावा, आणि कुणी त्याच्या वाटेला जाऊ नये

कोरियातल्या मोकपो शहरात पहिल्यांदा सान-नाकजीची बशी समोर आली तेव्हा माझ्या कोरियन सहकाऱ्याच्या आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "कोक-कोक स्सिबो मोगो." नीट चावून चावून खा. कोरियात आया लहान मुलांना रोज हेच सांगतात. आपल्याकडे आजी म्हणायची ना, एक घास बत्तीस वेळा चावावा, तसंच. पण त्या दिवशी त्या बाईंच्या आवाजात लाड नव्हता, काळजी होती. बशीतले तुकडे वळवळत होते. मी घाबरलो होतो ते त्या वळवळीला. तिला भीती होती माझ्या घाईची.

पुढे कोरियात राहिलो त्या वर्षांत कळलं की तिचंच बरोबर होतं. सान-नाकजीतला सगळ्यात मोठा धोका विषाचा नाही, जंतांचाही नाही. तो आहे न चावता गिळलेल्या तुकड्याचा. पुण्याजवळच्या तळेगाव-रांजणगाव पट्ट्यातल्या कोरियन कंपन्यांमुळे आता आपली बरीच मंडळी कामानिमित्त कोरियाला जातात, आणि पहिल्याच मेजवानीत यजमान कौतुकाने ही बशी पुढे करतात. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

नाकजी म्हणजे कोणता ऑक्टोपस

कोरियन भाषेत आपण सरसकट ऑक्टोपस म्हणतो त्याला तीन वेगळी नावं आहेत. 'मुनो' हा मोठा, जाड पायांचा. तो बहुतेक वेळा उकडून खातात. 'जुक्कुमी' छोटा, आखूड पायांचा, वसंतातला. आणि 'नाकजी' म्हणजे लांब, सडपातळ पायांचा, पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्यावरच्या चिखलात बीळ करून राहणारा. 'सान' म्हणजे जिवंत. कच्ची खातात ती मुख्यतः ही नाकजीच, कारण तिचे पाय बारीक आणि मांस कोवळं असतं.

त्यातही 'सेबाल-नाकजी' हा प्रकार मोकपो, मुआन, यंगआम या भागाचा मानबिंदू. कोरियन भाषेत 'से' म्हणजे तीन असाही अर्थ निघतो, त्यामुळे खुद्द कोरियातल्या लोकांनाही हा तीन पायांचा ऑक्टोपस वाटतो. इथला 'से' मात्र बारीक या अर्थाच्या चिनी अक्षरावरून आलेला आहे. पाय आठच, फक्त दोऱ्यासारखे.

मुआन आणि सिनानच्या चिखलपट्ट्यांत आजही माणसं ओहोटीला फावडं घेऊन उतरतात, बिळाचं तोंड ओळखतात आणि हाताने नाकजी बाहेर काढतात. २०१८ साली या हातमासेमारीला कोरिया सरकारने राष्ट्रीय महत्त्वाचा वारसा म्हणून मान्यता दिली. या किनाऱ्यावरच्या 'गेतबोल'चा, म्हणजे भरती-ओहोटीच्या चिखलपट्ट्यांचा, २०२१ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, त्यात सिनानही आहे. कोकणात खाजणात उतरून चिंबोऱ्या धरणारा माणूस पाहिला असेल, तर गुडघाभर चिखलात वाकलेली ती बाई तुम्हाला परकी वाटणार नाही.

नाकजीला तिथे ताकदीचं अन्न मानतात. हुकसान बेटावर हद्दपारीत राहिलेल्या चंग याकजन या विद्वानाने १८१४ साली 'जासान-ओबो' हा सागरी जीवांवरचा ग्रंथ लिहिला. रोडावलेल्या बैलाला चार-पाच नाकजी खाऊ घातल्या की तो पुन्हा उभारी धरतो, असं त्यात नोंदवलं आहे. मेजवानीत कुणीतरी हे सांगतंच. सांगणाऱ्याचा मान राखावा आणि आपला घास सावकाश चावत राहावं.

ते तुकडे का हलतात

हे समजलं की अर्धी भीती जाते. ऑक्टोपसच्या शरीरात सुमारे पन्नास कोटी चेतापेशी असतात आणि त्यातल्या साधारण दोन-तृतीयांश मेंदूत नसून पायांत असतात. त्यामुळे पाय धडापासून वेगळा झाला तरी त्यातली चेतातंतूंची साखळी काही मिनिटं आपलं काम करत राहते. वर मीठ पडलं की सोडियममुळे त्या पेशी पुन्हा चेतवल्या जातात आणि वळवळ वाढते. म्हणजे बशीतला तुकडा 'जिवंत' नसतो. रीतीने केलेल्या सान-नाकजीत प्राणी तुमच्यासमोर येण्याआधीच मेलेला असतो.

मात्र दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, पायावरच्या गोल चोषक वाट्या अजून काम करत असतात. गालाला, टाळूला, जिभेला त्या खरोखर चिकटतात. दोन, हालचाल ही ताजेपणाची खूण आहे, स्वच्छतेची नाही. समुद्राच्या पाण्यातले जिवाणू हलणाऱ्या तुकड्यावरही तितकेच असतात.

आधी हे ठरवा: तुम्ही खावं का

इथे मी कडक बोलणार आहे, कारण मेजवानीत भिडेपोटी माणूस नको ते करतो.

यकृताचा कुठलाही जुना आजार असेल, मग तो सिरोसिस असो, हेपेटायटिस असो की दारूमुळे झालेला त्रास, तर कच्ची नाकजी खाऊ नका. मधुमेह असेल, केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, थॅलेसेमियामुळे किंवा अन्य कारणाने शरीरात लोह साचत असेल, तरीही नाही. कारण आहे 'व्हिब्रिओ व्हल्निफिकस' हा समुद्राच्या उबदार पाण्यात वाढणारा जिवाणू. निरोगी माणसाला तो सहसा फारसा काही करत नाही. पण यकृत कमकुवत असेल तर तो रक्तात शिरतो, ताप-थंडी सुरू होते, पायांवर रक्ताळलेले फोड उठतात, आणि असे जवळजवळ निम्मे रुग्ण दगावतात. आपल्याकडे मधुमेह घरोघरी आहे आणि यकृतावर चरबी असल्याचं अनेकांना तपासणीपर्यंत माहीतही नसतं. म्हणून हा इशारा आपल्या लोकांना दुप्पट लागू आहे, असं मला वाटतं. पित्तासाठी रोज आम्ल कमी करणारी गोळी घेत असाल तर तेही ध्यानात घ्या. पोटातलं आम्ल हे जिवाणूंविरुद्धचं पहिलं कुंपण असतं.

कोळंबी, खेकडा किंवा तिसऱ्यांनी अंगावर पित्त उठत असेल तर ऑक्टोपसनेही उठू शकतं. ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन या सगळ्यांत थोड्याफार फरकाने सारखं असतं आणि शिजवल्यानेही त्याचा दोष जात नाही. अशांनी नाकजी कच्ची नको, शिजवलेलीही नको.

कवळी लावणारे, दाढा पडलेले, गिळताना ठसका लागणारे, पक्षाघातातून उठलेले, वृद्ध आणि लहान मुलं यांना घशात घास अडकण्याचा धोका आहे. कोरियात अशा घटना अधूनमधून होतात. २०२३ च्या ऑक्टोबरात ग्वांगजू शहरात ऐंशी ओलांडलेल्या एका गृहस्थांच्या घशात सान-नाकजीचा तुकडा अडकला आणि हृदय बंद पडल्याची बातमी देशभर झाली. आयुष्यभर नाकजी खाल्लेल्या मुलखात हे होतं, मग पहिल्यांदा खाणाऱ्याने किती सांभाळावं? गरोदर बाईनेही कच्चं समुद्री अन्न टाळावं, यावर दुमत नाही.

यातलं काही लागू असेल तर "मोन मोगोयो" म्हणा, म्हणजे 'मला खाता येत नाही'. ॲलर्जी असेल तर "आल्लेरुगी इस्सोयो". दोन्ही हातांनी ग्लास पुढे करून हसत म्हटलं की कुणी वाईट वाटून घेत नाही. मी स्वतः पाहिलंय, तब्येतीचं कारण सांगितलं की यजमान पुढच्या वेळी आपणहून शिजवलेला पदार्थ मागवतात.

कधी खावी

"वसंतात शिंपले, शरदात नाकजी" अशी कोरियन म्हण आहे. उन्हाळ्यात, जून-जुलैच्या सुमारास, काही काळ मासेमारी बंद असते आणि शरदात नाकजी अंगाने भरते. अडचण अशी की समुद्राच्या पृष्ठभागाचं पाणी अठरा अंशांच्या वर गेलं की व्हिब्रिओ झपाट्याने वाढतो, आणि कोरियात त्याचे सर्वाधिक रुग्ण ऑगस्ट-सप्टेंबरात सापडतात. म्हणजे नाकजीचा हंगाम सुरू होतो तेव्हा जिवाणूचा हंगाम अजून सरलेला नसतो. माझा स्वतःचा नियम साधा होता: कच्ची नाकजी नोव्हेंबर उजाडल्यावर. तोवर शिजवलेली.

कुठे आणि कशी मागवावी

सेऊलमध्ये नोर्यांगजिनच्या मोठ्या मासळी बाजारात खालच्या मजल्यावर टाक्यांतून जिवंत मासळी निवडायची आणि वरच्या खानावळीत नेऊन करून घ्यायची, अशी पद्धत आहे. खानावळ जागेचे, चटण्या-तोंडीलावण्याचे माणशी वेगळे पैसे घेते. त्याला 'सांगछारिम्बी' म्हणतात. ते आधी विचारून घ्या. मेनूकार्डावर किमतीच्या जागी 'सिगा' लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ 'आजचा बाजारभाव'. तोही बसण्याआधी विचारावा. बुसानच्या जागाल्छी बाजारातही नाकजी मिळते, पण मनापासून सांगायचं तर मुआन-मोकपोची सर कुठेच नाही.

टाकीत पाहताना नाकजी काचेला घट्ट चिकटलेली, हात लावला की लगेच आवळून घेणारी, रंग बदलणारी असावी. तळाशी सैल पडलेली, पांढुरकी झालेली नको. टाकीचं पाणी गढूळ, फेसाळ किंवा वास मारणारं असेल तर दुकान बदला. समुद्रकिनारी फिरताना स्वतः पकडलेला ऑक्टोपस कधीही खाऊ नका. २०१२ पासून जेजू बेटाच्या किनाऱ्यावर निळ्या कड्यांचा छोटा ऑक्टोपस सापडू लागला आहे. त्याच्यात टेट्रोडोटॉक्सिन हे पफर माशातलंच विष असतं, जे शिजवल्यानेही जात नाही. त्याला नुसता हातही लावू नये.

मागवताना तीन प्रकार समोर येतील.

पहिला, साधी सान-नाकजी: पाय बोटभर किंवा त्याहून लहान तुकड्यांत कापून, वर तिळाचं तेल आणि तीळ.

दुसरा, नाकजी-थांगथांगी. लाकडी फळीवर दोन सुऱ्यांनी 'थांग थांग' आवाज करत नाकजी बारीक चेचून कापतात, त्यावरून हे नाव. नवख्या माणसाने हाच मागवावा, असं माझं ठाम मत आहे. तुकडे बारीक असतात, वाट्या बऱ्याच कापल्या गेलेल्या असतात. मात्र सेऊलच्या ग्वांगजांग बाजारात थांगथांगीखाली बहुधा कच्चं गोमांस आणि वर कच्च्या अंड्याचा पिवळा बलक असतो. गोमांस न खाणाऱ्यांनी आधीच विचारावं. खाणाऱ्यांनीही हे जाणून असावं की एका बशीत तीन कच्चे पदार्थ म्हणजे तीन वेगळे धोके.

तिसरा, सबंध सेबाल-नाकजी लाकडी काडीला गुंडाळून. हा तुम्ही खाऊ नका. तिथले जाणते लोक खातात, लहानपणापासून खात आलेत, त्यांच्या जबड्याला आणि घशाला सवय आहे. आठही पाय, सगळ्या वाट्या शाबूत, आणि चावायला आख्खा गोळा. पैजेवर, व्हिडिओसाठी, दारूच्या भरात तर मुळीच नाही. याच पद्धतीने गुंडाळून, मसाला लावून निखाऱ्यावर भाजलेली नाकजी मिळते, 'नाकजी-होरोंगी'. ती जरूर खा. झकास लागते.

खानावळीतल्या बाईंना 'इमो', म्हणजे मावशी, अशी हाक मारतात. "इमो, जालगे जाल्ला जुसेयो" म्हणजे 'मावशी, बारीक कापून द्या'. आणि "मोरीनुन इख्यो जुसेयो" म्हणजे 'डोकं शिजवून द्या'. या दोन वाक्यांवर माझं बरंच निभावलं.

डोक्याचं काय

ज्याला आपण डोकं म्हणतो ती खरं तर धडाची पिशवी. आत यकृतासारखी ग्रंथी, शाईची थैली, आतडी असतात. २०१० साली सेऊल महापालिकेने नाकजीच्या डोक्यात कॅडमियम हा जड धातू मर्यादेपेक्षा जास्त आढळल्याचं जाहीर केलं. मच्छीमार संतापले. केंद्राच्या अन्न-औषध विभागाने सांगितलं की संपूर्ण नाकजी नेहमीच्या प्रमाणात खाण्यात धोका नाही. त्या वादातून घ्यायचं ते एवढंच: कॅडमियम साचतं ते मांसात नाही, आतल्या अवयवांत. कधीतरी खाणाऱ्याला यातून अपाय होत नाही, पण आतडी काढून टाकणं कधीही चांगलं. पाय कच्चे खाऊन डोकं रस्स्यात शिजवून घेणं ही तिथली जुनी रीत आहे आणि मला ती सगळ्यात शहाणपणाची वाटते.

स्वयंपाकघरात काय व्हायला हवं

तुम्ही स्वतः करणार नसलात तरी हे माहीत असावं, म्हणजे खानावळ पारखता येते. आधी डोकं आणि पाय जोडणाऱ्या जागी, डोळ्यांच्या वर, एका घावात कापतात. पिशवी उलटी करून आतडी आणि शाईची थैली न फोडता काढतात. मग डोळे, आणि पायांच्या मधोमध असलेली कडक चोच. यानंतर जाडं मीठ किंवा गव्हाचं पीठ लावून पाय खसाखसा चोळतात. वाट्यांत अडकलेला चिखल आणि बुळबुळीत चिकटा पिठाला धरून निघतो. मूठ आवळून प्रत्येक पाय वरून खाली ओढून घेतात.

शेवटी नळाच्या वाहत्या गोड्या पाण्यात स्वच्छ धुणं. ही पायरी कुणी वगळली तर मी तिथे जेवत नाही. व्हिब्रिओला खारं पाणी लागतं, गोड्या पाण्यात त्याची संख्या घटते. टाकीतल्या खाऱ्या पाण्यात बुचकळून दिलेली नाकजी चवीला कितीही छान लागली तरी ती धुतलेली नव्हे. पाण्याने जिवाणू पूर्ण जातात असंही नाही, म्हणूनच वर सांगितलेल्या आजारांना सूट नाही. कच्च्यासाठी फळी आणि सुरी वेगळी असावी. कापल्यावर बशी थेट तुमच्यापुढे यावी, थांबून राहिलेली नको. हाताला जखम असेल तर जिवंत नाकजी किंवा टाकीचं पाणी हाताळू नका, हा जिवाणू जखमेतूनही शिरतो.

जंतांबद्दल नेहमी विचारतात. 'अनिसाकिस' ही बारीक अळी मासे आणि स्क्विडमध्ये आढळते. कच्च्या मासळीसाठी ती मारण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे वीस अंश उणे तापमानात सात दिवस गोठवणं. जिवंत नाकजीला तो लागूच करता येत नाही. म्हणून आतडी काढणं आणि कापताना नजर ठेवणं एवढंच हाती उरतं.

प्रत्यक्ष खाताना

आता मूळ गोष्ट.

पाठ ताठ ठेवून बसा. जमिनीवर मांडी घालून बसायचं असेल तरी रेलू नका. सोजूचा, म्हणजे कोरियन दारूचा, पहिला पेला नाकजीच्या आधी नको. यजमान भरतील, तुम्ही ओठाला लावून खाली ठेवा. दारूने गिळण्याची आणि ठसक्याची क्रिया मंदावते, आणि पुढची सगळी काळजी त्याच क्रियेवर उभी आहे.

पहिली एक-दोन मिनिटं नुसतं पाहा. वळवळ सगळ्यात जोरात असते ती तेव्हाच. थोडं थांबल्याने चव बिघडत नाही आणि वाट्यांचा जोर कमी होतो.

मग एक तुकडा. दोन नाही. कोरियन चॉपस्टिक धातूच्या आणि गुळगुळीत असतात, तुकडा बशीला चिकटून बसतो. ओढाताण न करता टोकाने कड उचला. तुकडा तुमच्या करंगळीच्या नखाहून मोठा असेल तर परत ठेवा आणि कात्री मागा. कोरियन टेबलावर कात्री मागणं अगदी नेहमीचं आहे.

आता तो 'खिरुमजांग'मध्ये, म्हणजे तिळाच्या तेलात मीठ घातलेल्या वाटीत, पूर्ण बुडवा. हे तेल आपल्या घाण्याच्या फिकट तेलासारखं नसतं. खरपूस भाजलेल्या तिळांचं, गडद तपकिरी, वासाने घर भरून टाकणारं. चवीबरोबर त्याचं आणखी एक काम आहे. तेलाचा थर बसला की चोषक वाट्यांना पकड मिळत नाही. आंबट-तिखट 'छोगोचुजांग'ही समोर असेल, पण पहिले काही घास तेलातलेच घ्या.

तोंडात टाकला की जिभेवर ठेवू नका, सरळ दाढेखाली सरकवा आणि लगेच चावायला लागा. थांबू नका. तोंडात काय होतंय ते अनुभवत बसलेला माणूसच अडचणीत येतो. वाट्यांची बाजू दाढेखाली सापडेल असं फिरवा, कारण चेचायच्या आहेत त्या वाट्या. गालाला किंवा टाळूला चिकटला तर घाबरू नका, ओढून गिळूही नका. जिभेने कड सोडवा, नाही तर सरळ बोट घालून काढा. टेबलावर कुणालाही त्यात गैर वाटत नाही.

चावताना बोलायचं नाही, हसायचं नाही, फोटोला तोंड उघडायचं नाही. हे सांगावं लागतं, कारण पाहुण्याचा पहिला घास सगळ्यांना बघायचा असतो, कुणीतरी फोन धरतं, कुणीतरी काहीतरी बोलतं, आणि हसताना आत ओढलेल्या श्वासाबरोबर तुकडा मागे जातो.

तोंडातलं सगळं एकजीव लगदा झालं, एकही ठिकाणी चिकटत नाही, तेव्हा गिळा. वीस-पंचवीस वेळा चावणं सहज होतं. आजीचा बत्तीसचा आकडा इथे मला कधी जास्त वाटला नाही. पाण्याने किंवा सोजूने घास ढकलू नका. पाण्याने घास खाली जातो असं वाटतं, पण चिकटलेला तुकडा पाण्याला दाद देत नाही. तोंड रिकामं झाल्यावरच दुसरा तुकडा.

चव? पायांचं मांस कुरकुरीत आणि चिवट यांच्या मधलं, किंचित गोड. समुद्राचा वास पुसट. खरी चव येते ती दहाव्या-बाराव्या चाव्यानंतर, भाजलेल्या तिळाचा वास आणि मांसाचा गोडवा एकत्र मिसळतो तेव्हा. म्हणजे जीव सांभाळण्यासाठी जे करायचं तेच चवीसाठीही करायचं. सहकाऱ्याच्या आईला हे माहीत होतं.

खूप खाऊ नका. पाच-सहा घास झाले की उरलेले तुकडे उकळत्या रस्स्यात सोडायला सांगा. तासभर टेबलावर पडलेली बशी पुन्हा पुढे ओढू नये.

घशात अडकलंच तर

माणूस खोकू शकत असेल तर खोकू द्या, पाठीत धपाटे घालू नका. जोरात खोकणं हाच त्या क्षणी सर्वात चांगला उपाय. पण आवाज निघत नसेल, हात गळ्याकडे गेला असेल, ओठ निळे पडत असतील, तर एकाने लगेच ११९ ला फोन लावावा; कोरियात अग्निशमन आणि रुग्णवाहिकेचा हाच क्रमांक आहे. दुसऱ्याने माणसाला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमध्ये तळहाताने पाच जोरदार फटके द्यावेत. न निघाल्यास मागून मिठी मारून, बेंबीच्या वर, छातीच्या पिंजऱ्याखाली मूठ ठेवून आत आणि वर असे पाच झटके. पुन्हा पाच फटके, पुन्हा पाच झटके, निघेपर्यंत किंवा मदत येईपर्यंत. गरोदर बाई असेल किंवा पोट फार मोठं असेल तर झटके छातीच्या मधोमध.

बेशुद्ध पडला तर जमिनीवर उताणा झोपवून छाती दाबायला सुरुवात करा. मध्ये तोंड उघडून पाहा. तुकडा दिसला तरच काढा, आणि तो बुळबुळीत असल्याने कोरड्या रुमालाने धरा. न दिसता बोट घालून चाचपडू नका, तुकडा आणखी खोल जाईल. चोषक वाट्यांची पकड असल्याने नुसत्या हवेच्या दाबाने हा तुकडा साध्या घासासारखा सहज सुटेलच असं नाही. म्हणून सगळी मदार आधीच्या चावण्यावर.

मेजवानीला जाण्याआधी हे झटके कसे द्यायचे ते एकदा घरात कुणाला तरी उभं करून, जोर न लावता, शिकून घ्या. आपल्याकडे तातडीच्या मदतीचा क्रमांक ११२ किंवा महाराष्ट्रात १०८.

पुढचे दोन दिवस

काही तासांत पोटात असह्य कळ आली तर ती अनिसाकिस अळी असू शकते. दुर्बिणीने काढता येते, पण डॉक्टरांना 'कच्चं काय खाल्लं' हे सांगितलं तरच त्यांच्या लक्षात येतं. दिवसभरात जुलाब, पोटात मुरडा, उलट्या झाल्या तर साध्या प्रकारच्या व्हिब्रिओची शक्यता असते. पाणी, मीठ-साखर, विश्रांती, आणि जुलाबात रक्त दिसलं किंवा थांबतच नसेल तर डॉक्टर. पण ताप, हुडहुडी आणि पायांवर लालसर सूज किंवा फोड दिसले तर सकाळची वाट पाहू नका. रात्रीच इस्पितळ गाठा आणि पहिल्या वाक्यात सांगा की कच्ची नाकजी खाल्ली होती.

प्राण्याचं दुःख

हा प्रश्न टाळून पुढे जाणं मला पटत नाही. ऑक्टोपसला वेदना कळतात, असं मानण्याइतका पुरावा आज आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अभ्यासकांनी २०२१ साली तो तपासला, आणि २०२२ च्या ब्रिटिश कायद्याने ऑक्टोपस आणि त्याच्या भाईबंदांना संवेदनशील प्राण्यांत धरलं. कोरियाचा प्राणीरक्षण कायदा मात्र पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांपुरताच आहे. कापलेल्या पायाची वळवळ ही वेदना नव्हे, हे मी वर सांगितलं. पण सबंध जिवंत नाकजी चावणं वेगळं. तिथे प्राण्याचा मेंदू जागा असतो. म्हणून आधी एका घावात मारलेली नाकजीच मी खातो, आणि सबंध गुंडाळलेली कुणी पुढे केली तर धोक्याबरोबर हेही कारण सांगून नाही म्हणतो.

शिजवलेली, आणि घरी परतल्यावर

कोरियात 'यनफोथांग' नावाचा निवळ रस्सा असतो: मुळा, लसूण, कांद्याची पात, आणि शेवटी उकळत्या पातेल्यात सोडलेली नाकजी. 'नाकजी-पोक्कुम' म्हणजे घाम फोडणारी तिखट परतलेली नाकजी. वऱ्हाडी माणसालाही तिथे नाव ठेवता येणार नाही. 'नाकजी-सुखवे' म्हणजे उकळत्या पाण्यातून काढलेली, आणि हिच्याबरोबर तीच तेल-मिठाची वाटी येते. ज्यांना कच्ची वर्ज्य आहे त्यांनी ही मागवावी, मात्र पूर्ण शिजलेली. कोरियाचे आरोग्य अधिकारी समुद्री अन्न किमान ८५ अंशांवर शिजवायला सांगतात.

इकडे परतल्यावर ससून डॉकला किंवा मालवणच्या लिलावात माकुलांबरोबर एखादा ऑक्टोपस दिसला आणि हौस आली, तर तो कच्चा खाऊ नका. तो वेगळ्या जातीचा असतो, बर्फात किती वेळ होता ते ठाऊक नसतं, आणि कच्चा खाण्यासाठी त्याला कुणी सांभाळलेलं नसतं. पिठाने चोळून धुवा, आतडी-चोच काढा, उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा, मोठा असेल तर पाऊण तास लागेल. मग पातळ चकत्या करा. तीळ लालसर भाजून कुटा, थोड्या तेलात ते आणि मीठ कालवा, चकत्या त्यात बुडवा. माझ्या आईला कोरियन पदार्थांतला हा एवढाच आवडला. ती मात्र तिळाबरोबर ओलं खोबरं आणि हिरवी मिरची घालते.